नळापर्यंत सोबत

गुण्याबाईंना आयुष्यात कुणी बिनविषयाचा तास दिला नव्हता. ऑफ तासाची गोष्ट वेगळी. तसले तास त्यांनी पोत्याने काढले होते, आणि दरवेळी फळ्यावर एक भलंथोरलं वर्तुळ काढून पोरांना कामाला जुंपलं होतं. हा तास मात्र निराळाच. वेळापत्रकात त्याला खण होता, खोली होती, मुलं होती. विषय तेवढा नव्हता.

"या तासाला काही शिकवायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आलेली पोरं बावरलेली असतात. प्रत्येक शिक्षकाकडे पाच-सहा जण दिलेत. आठवड्यातून एकदा बसायचं त्यांच्यासोबत. आधार द्यायचा."

"कसला?"

"आधार हो, बाई."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

"बोलायचं त्यांच्याशी."

"कशावर?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा उतरला की बोलणं संपलं, हे शाळेतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. गुण्याबाई उठल्या आणि बाहेर आल्या.

गुण्या म्हणजे कंपासपेटीतला तो त्रिकोणी तुकडा, काटकोन काढायचा. बाई भूमिती शिकवायच्या, हे नावामागचं अर्धंच कारण. त्या उभ्या राहिल्या की जमिनीशी नव्वद अंशात, वळल्या तरी नव्वद अंशात, आणि रागावल्या तरी तेवढ्याच. आवाज चढला नाही की उतरला नाही. कित्येक पिढ्यांनी हे नाव एकमेकींच्या कानात सांगून पुढे नेलं होतं, आणि बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. अशा बाईंच्या पदरात बिनआकाराचा तास पडला. धरावा कुठून, हेच कळेना.

पहिल्या दिवशी पोरं बाकांवर बसली. बाई खडू घेऊन उभ्या. खडू ठेवून दिला, मग पुन्हा उचलला.

"कसं वाटतंय नव्या शाळेत?"

"बरं."

"तुला?"

"बरं."

"आणि तुला?"

"मलापण."

एका पोराने हात वर केला. "बाई, याची परीक्षा असते?"

"नाही."

"वही करायची?"

"नको."

"गृहपाठ?"

"नाही."

पोरगा थोडा विचारात पडला. "मग आम्ही काय केलंय, बाई? शिक्षा कशाची आहे ही?"

बाईंनाही तेच कुणालातरी विचारायचं होतं. तेवढ्यात दार करकरलं आणि एक पोर आत आली. दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, दप्तर पाठीवरून पोटावर आलेलं, श्वास अजून जिन्यातच राहिलेला. वर्गात खसखस पिकली. "शेपटी आली! चला, वर्ग पुरा झाला."

शेपटी कुठेही शेवटी यायची म्हणून शेपटी. भूगोलाला उशिरा, भाषेला उशिरा, प्रयोगशाळेत तर दिवे मालवायच्या बेताला. सकाळी घरून मात्र वेळेत यायची. प्रार्थनेला पुढच्या रांगेत. उशीर व्हायचा तो घंटा झाल्यावर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना. प्राथमिक शाळेत पोरं जागेवर बसायची आणि बाई वर्गात यायच्या. इथे उलटं. इथे प्रत्येक विषयाची खोली ठरलेली, आणि घंटा झाली की सगळा वर्गच दप्तर उचलून चालायला लागायचा. जुन्या इमारतीतून नवीत, नवीतून जुनीत. गर्दीत सगळेच धापा टाकायचे, पण पोचायचे. शेपटी पोचायची नाही.

"उशीर का होतो गं?" बाईंनी विचारलं.

"होतो."

"वाटेत थांबतेस का?"

"नाही."

"मग?"

शेपटी सुटलेली वेणी घालायला लागली. बाईंनी मग आपल्याला येत होतं ते केलं. फळ्यावर दोन बिंदू काढले, त्यांच्यामधून एक रेघ ओढली, आणि सगळ्यात जवळची वाट सरळ असते हे समजावून सांगितलं. शेपटीने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ती त्याहून उशिरा आली.

मग तिचे वडील आले. चौकातल्या झाडाखाली त्यांची टपरी होती, चाव्या करून द्यायचे. बोटांना लोखंडाची भुकटी, शर्टाच्या खिशात कानस. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी हात पुसले.

"बाई, कुलूप हातात घेतलं की आतली कळ मला कळते," ते म्हणाले. "पण ही पोर! विचारलं तर हसते. मोठ्या बाईंनी सांगितलंय, सहामाहीपर्यंत सुधारली नाही तर बघा. मी म्हणतो, बघायचं काय? माझ्या बहिणीच्या गावी छोटी शाळा आहे. एक जिना, एक दार. हरवायला जागाच नाही. तिथे ठेवतो आत्याकडे."

"तिची इच्छा?"

"रडते. नको म्हणते. का नको, तेही सांगत नाही. तुमच्याकडे दिलीय ना ती? तुम्हीच काय ते बघा. माझं तर डोकंच चालत नाही."

गुण्याबाईंचं तरी कुठे चालत होतं? घरी येऊन त्यांनी अक्कासमोर चहाचा कप ठेवला आणि भिंतीकडे बघत बसल्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या. अक्का शिवणकाम करायची, आणि तिची जीभ सुईपेक्षा बारीक होती.

"आधार द्या म्हणतात," बाई म्हणाल्या. "अक्का, आधार कसा देतात गं?"

"मला काय विचारतेस? मी कापडाला अस्तर देते." अक्काने दात लावून दोरा तोडला. "पण तू कुणाला 'कशी आहेस' विचारलंस, हेच मोठं झालं. लहानपणी तुला विचारलं की तू म्हणायचीस, 'ठीक.' दात पडला तरी ठीक, गुडघा फुटला तरी ठीक."

"थट्टा करू नकोस. पोर जाईल शाळेतून."

"मग पाठीवर डोळा ठेव तिच्या. कुठे जाते बघ. पाऊल बघितल्याशिवाय वाट कळते होय, धाकटे?" आणि अक्का पुन्हा मशीनवर वाकली, आपल्याच तंद्रीत गुणगुणायला लागली:

*सुईमागे दोरा, दोऱ्यामागे गाठ,*
*कोण दावी वाट, कुणा कळे.*

दुसऱ्या दिवशी बाईंना मधला तास मोकळा होता. घंटा झाली, जिने वाहायला लागले. बाई सूचनाफलकाआड उभ्या राहिल्या. जन्मभर काटकोनात उभं राहिलेल्या बाईला लपणं काही सोपं नाही. दोन पोरांनी वाकून नमस्कार केला, तिसऱ्याने विचारलं, "बाई, काय हरवलंय?"

शेपटीचा पुढचा तास जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. शेपटी निघाली ती सरळ उलट्या बाजूला. जुनी आणि नवी इमारत एका लांब बोळाने जोडलेली होती. वर पत्रा, दोन्ही बाजूंना खांब, आणि बरोबर मधोमध पाण्याचे नळ. शेपटी नळांवरून पुढे नव्या इमारतीत शिरली. बाई तिच्यामागे.

आता नव्या इमारतीची एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. गुण्याबाई तिथे हरवायच्या. भूमितीची खोली जुन्या इमारतीत तळमजल्यावर, तेव्हा जायची वेळच यायची नाही. मागे एकदा सभेसाठी गेल्या होत्या आणि खेळाच्या सामानाच्या कोठारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. शिपायाने बघितलं तेव्हा म्हणाल्या, जाळी फाटलीय म्हणे, बघायला आले. आज पुन्हा तेच. एक वळण, दुसरं वळण, शेपटीची सुटलेली वेणी दिसेनाशी झाली. बाईंनी समोरचं दार ढकललं तर झाडू, बादल्या आणि तीच ती फाटकी जाळी.

त्या बाहेर आल्या तो समोरून शेपटी परत येत होती. सोबत आणखी एक पोर, इवलीशी, दप्तराच्या ओझ्याने मागे कललेली. शेपटीच्याच जुन्या शाळेतली ती, तिची मैत्रीण. सगळे तिला टिचकी म्हणायचे. दोघींना वेगळ्या तुकड्या मिळाल्या होत्या. दोघी टिचकीच्या पुढच्या वर्गाच्या दाराशी गेल्या. थांबल्या. शेपटीने तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. झालं, आता ही आत जाणार, असं बाईंना वाटलं. पण टिचकी आत गेलीच नाही. वळली, आणि शेपटीच्या बरोबरीने चालायला लागली. बोळ ओलांडला. जुन्या इमारतीचा जिना चढला. शेपटीच्या वर्गाचं दार आलं. दोघी थांबल्या. काहीतरी बोलल्या. आणि शेपटी पुन्हा वळली, टिचकीसोबत जिना उतरायला लागली.

बाईंनी कपाळाला हात लावला. ही तिला पोचवते, ती हिला पोचवते, मग ही पुन्हा तिला. पोचणार कोण आणि कुठे? दुसरी घंटा झाली तेव्हा दोघी नळांपाशी होत्या. एक इकडे पळाली, एक तिकडे, आणि दोघींनाही उशीर झाला.

त्या दिवशी शाळा सुटताना बाईंनी शेपटीला थांबवलं. "मी बघितलंय," एवढंच म्हणाल्या.

शेपटीचे डोळे भरले. "बाई, तिला सांगू नका हं. ती घाबरते. एकटीने जायला घाबरते. एवढी मोठी मोठी पोरं असतात ना जिन्यात? ती बोलत नाही, पण मला कळतं. मी नाही गेले तर ती शाळाच सोडेल, बाई. शपथ घ्या, तिला सांगणार नाही म्हणून."

बाईंनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी नळांवर टिचकी एकटी सापडली, बाटली भरत.

"तू शेपटीसोबत का जातेस गं, रोज?"

टिचकीने इकडेतिकडे बघितलं. मग बाईंना खाली वाकायची खूण केली. बाई वाकल्या. "तिला वाट सापडत नाही," टिचकी कानात म्हणाली. "पहिल्या दिवशी ती मुलांच्या मुतारीत गेली होती. तेव्हापासून मी सोडत नाही तिला. पण बाई, तिला कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल. घ्या शपथ."

बाईंनी तीही शपथ घेतली. आणि दोन शपथा घेऊन घरी आल्या त्या अशा, की जणू दोन्ही मुठींत एकेक पाखरू आणि दार उघडायला हात नाही. एकीला सांगावं तर दुसरी दुखावते. गप्प बसावं तर शेपटी आत्याच्या गावी जाते. मोठ्या बाई विचारणार, कारण सापडलं का? सापडलं होतं. पण त्या कारणाला ना बाजू होती ना कोन. इतक्या वर्षांत अशी आकृती बाईंनी कधी काढली नव्हती, ज्यात दोन्ही बिंदू एकमेकांना धरून ठेवण्यासाठीच हलत राहतात.

विचार करकरून त्यांनी एक उपाय काढला, आणि तो भूमितीतूनच काढला. दोघींच्या मधोमध काय? नळ. त्यांनी शेपटीला बाजूला घेतलं. "हे बघ, ती धीट व्हायला हवी की नको? मग तिला दारापर्यंत नको नेऊस. नळापर्यंत ने. पुढे तिची तिला जाऊ दे." शेपटीने खूप वेळ विचार केला. "तिच्यासाठी ना, बाई?" "तिच्याचसाठी." "मग चालेल."

टिचकीलाही तेच सांगितलं. "तिला वाट पाठ व्हायला हवी ना? नळापर्यंत सोबत कर. तिथून तिची तिला शोधू दे." टिचकी म्हणाली, "तिच्यासाठी म्हणून हं."

बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. एका रेघेत दोन गणितं.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या इमारतीच्या खिडकीत उभ्या राहिल्या. तिथून बोळ दिसायचा. दोघी नळापर्यंत आल्या, हात हलवला, पाठमोऱ्या झाल्या. बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच शेपटी एका खांबाआड शिरली. आणि तिकडे टिचकी दुसऱ्या खांबाआड. मैत्रीण नीट जाते की नाही, हे बघायला दोघींनी एकदमच डोकं बाहेर काढलं.

बोळ रिकामा. दोन खांब, दोन डोकी.

"तू का थांबलीस?"

"तू का थांबलीस?"

"तू नीट जातेस का ते बघत होते."

"मी? मी तुला बघत होते!"

"मला कशाला?"

"तुला वाट सापडत नाही म्हणून."

"मला? अगं, मला डोळे बांधून सोड! तू घाबरतेस म्हणून मी येते रोज!"

"मी घाबरते? मी?"

"मग? बाईंनीच सांगितलंय मला, तुला धीट कर म्हणून."

"बाईंनी? मला तर सांगितलंय, तुला वाट शिकव म्हणून!"

आणि मग दोघींनी एकदमच मान वळवून खिडकीकडे बघितलं. गुण्याबाई मागे सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाकड्या उभ्या होत्या.

"मला वेंधळी समजतेस ना?" शेपटी म्हणाली. "जा मग. नाही येत मी."

"मलापण नको तुझी सोबत. घाबरट म्हणे!"

दुसऱ्या दिवसापासून शेपटी प्रत्येक तासाला वेळेवर. भूगोलाला वेळेवर, भाषेला वेळेवर. दुसऱ्या घंटेच्या आधी बाकावर. टिचकीही तशीच. मोठ्या बाई भेटल्या तेव्हा हसल्या. मोठ्या बाई हसणं म्हणजे दुष्काळात विहिरीला पाणी. "केलंत हो बाई! काय जादू केलीत?"

"मला नाही कळत," गुण्याबाई म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं.

कारण बिनविषयाच्या तासाला शेपटी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तोच पोरगा म्हणाला, "शेपटी पुढे आली! आता डोकं कुठे शोधायचं?" कुणी हसलं नाही. दोन्ही वेण्या घट्ट होत्या. उशीर गेला होता आणि जाताना पोरीतलं काहीतरी सोबत घेऊन गेला होता. बाईंनी विचारलं, "कशी आहेस?" शेपटी म्हणाली, "ठीक."

तो शब्द बाईंना कुठूनतरी ओळखीचा वाटला.

सहामाही संपत आली आणि चावीवाले पुन्हा आले. यावेळी हात पुसायचेही विसरले. "बाई, वेळेवर जाते म्हणता, मग घरी येऊन भिंतीशी का बसते? आधी मी म्हणायचो आत्याकडे जा, तर ही रडायची. आता हीच म्हणते, मला आत्याकडे पाठवा. आणि आता माझा पाय निघत नाही. हे काय आहे हो? कुलूप एक आणि किल्ली भलत्याच दाराची. उद्या दाखला घ्यायला येतो. पोर म्हणते तर म्हणते."

"उद्याच?"

"तिनेच सांगितलं, उद्याच."

अक्काला सगळं सांगून झालं तेव्हा ती मशीनचं चाक हाताने थांबवून बसली. "शिवण उसवताना एका हाताने कापड धरतात, धाकटे. तू नुसता दोरा ओढलास."

"मग आता काय करू?"

"मला नाही ठाऊक."

अक्काला काही ठाऊक नाही, असं बाईंनी आजवर ऐकलं नव्हतं. त्या रात्रीच्या भाकरीत मीठ जास्त पडलं, आणि दोघींनी ती तशीच खाल्ली.

योगायोग म्हणा, दुसऱ्या दिवशी बिनविषयाचाच तास होता. मुलं बसली. शेपटी खिडकीशी. बाईंच्या हातात खडूही नव्हता. काय बोलायचं ते त्यांनी सकाळपासून चार वेळा ठरवलं होतं आणि चारही वेळा विसरल्या होत्या. एवढंच पक्कं होतं, की टिचकीला एकदा भेटायला हवं. टिचकीचा गट याच वेळी चित्रकलेच्या सरांकडे बसायचा, नव्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर.

"तुम्ही बसा गप्पा मारत," असं म्हणून त्या निघाल्या. बोळ ओलांडला. नव्या इमारतीत पहिल्या वळणाला आल्या आणि उभ्याच राहिल्या. डावीकडे की उजवीकडे? डावीकडे गेल्या. झाडू. बादल्या. जाळी अजून फाटकीच.

त्या परत वर्गात आल्या. मुलं चमकून बघायला लागली.

"चित्रकलेची खोली," बाई म्हणाल्या, "कुणाला सापडते?"

सगळे हात वर झाले. एक सोडून.

"शेपटी, चल. पोचव मला."

शेपटीने मान वळवली नाही. "मला वाट सापडत नाही, बाई. तुम्हीच म्हणालात."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला खरंच सापडत नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज नव्वद अंशावरून कुठेतरी खाली आला होता. "आत्ता जाऊन आले. झाडूंच्या खोलीत गेले. दर वेळी तिथेच जाते."

शेपटीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. हे खरं की खोटं, हे ती बाईंच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मग उठली.

दोघी बोळातून निघाल्या. नळ आले, मागे गेले. वळणाशी बाई सवयीने डावीकडे वळल्या.

"बाई, तिकडे झाडू आहेत."

"बघ, सांगितलं ना."

"असं नाही लक्षात ठेवायचं." शेपटी पुढे झाली. "ही पायरी तुटलीय ना, कोपऱ्यात? ही आली की उजवीकडे. मग भिंतीवर चपलेचा ठसा आहे, कुणी एवढ्या वर पाय लावला कोण जाणे. तो आला की जिना. जिन्यात तिसऱ्या खिडकीला काच नाही, वारा लागतो. वारा लागला की आलंच."

पायरी आली, ठसा आला, वारा लागला. सगळी इमारत या पोरीला तळहातासारखी पाठ होती. मग ती मुलांच्या मुतारीत कशी गेली होती? बाईंना विचारायचं होतं, पण तेवढ्यात दार आलं.

"अरे वा, भूमिती वर कशी चढली?" चित्रकलेचे सर म्हणाले. "वाट चुकलात की काय?"

"चुकलेच," बाई म्हणाल्या आणि मागच्या बाकापाशी गेल्या. टिचकीने मान खाली घातली. बाईंनी एवढा वेळ जुळवलेली वाक्यं उडून गेली. "मी तुम्हा दोघींना बनवलं," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. एवढंच सांगायला आले होते."

टिचकी पेन्सिलीला टोक करायला लागली. शेपटी दाराशीच उभी राहिली. चित्रकलेच्या सरांनी उगाच एक ब्रश धुवायला घेतला. बाई "येते" म्हणून बाहेर पडल्या आणि चालायला लागल्या.

"बाई!" मागून टिचकीचा आवाज. ती दारात आली होती. "उजवीकडे."

"डावीकडूनपण जाता येतं," शेपटी म्हणाली. बाईंना उद्देशून.

"त्या जिन्याला कुलूप असतं," टिचकी म्हणाली. तीही बाईंनाच.

"आता उघडतात ते."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. तुला काय ठाऊक, तू घाबरतेस त्या जिन्याला."

"मी नाही घाबरत! त्यात पाल आहे म्हणून जात नाही."

"म्हणजे घाबरतेसच ना?"

"पालीला! पोरांना नाही!"

"मी कुठे म्हटलं पोरांना?" शेपटी थांबली. "बरं, मीपण पहिल्या दिवशी चुकले होते. एकदाच. पाटी पडली होती दारावरची."

"सगळी शाळा हसली होती."

"तू नव्हतीस हसली."

टिचकी पायाने फरशी घासत राहिली. बाई दोघींच्या मधे उभ्या, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. म्हणजे एक खरंच घाबरत होती आणि एक खरंच चुकली होती? की दोन्ही नाही? विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

"चला," त्या एवढंच म्हणाल्या, "जिना कुठला का असेना."

तिघी कुलपाच्या जिन्याने निघाल्या. कुलूप खरंच उघडं होतं. पालही खरंच होती. टिचकीने डोळे मिटले, शेपटीने तिचा हात धरला आणि खाली उतरल्यावर सोडायला विसरली. नळापाशी तिघी ओंजळ धरून पाणी प्यायल्या.

"तू जा आता," शेपटी म्हणाली. "बाईंना मी नेते."

"तू नेशील, मग तुझा उशीर होईल. मी नेते."

"तुझा होईल की!"

"मग दोघी नेऊ."

घंटा झाली. जिने वाहायला लागले, बोळ भरून गेला. भूमितीच्या खोलीपुढे पुढचा वर्ग रांगेत उभा होता आणि बाई अजून नळावर, ओल्या हातांनी, दोन पोरींच्या मधे.

दुपारी चावीवाले दाखला न्यायला आले. शेपटी हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत उभी राहिली. "बाबा, आत्याकडे नंतर बघू," ती म्हणाली. "बाईंना नवी इमारत अजून सापडत नाही."

चावीवाल्यांनी बाईंकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे. "मला काही कळलं नाही," ते म्हणाले.

"मलाही," बाई म्हणाल्या.

ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग कानस खिशात नीट खोचून निघून गेले, दाखल्याशिवाय.

शेपटीला त्यानंतरही उशीर व्हायचा. रोज नाही, पण व्हायचा. ज्या दिवशी व्हायचा त्या दिवशी तिची वेणी सुटलेली असायची. मोठ्या बाईंनी गुण्याबाईंना बोलावून घेतलं.

"त्या दिवशी तुम्हीसुद्धा तासाला उशिरा आलात म्हणे. आधाराच्या तासाला काय केलंत तेव्हा?"

"चाललो."

"कुठे?"

"चित्रकलेच्या खोलीपर्यंत. मग नळापर्यंत. आणि परत."

"त्याने काय झालं?"

गुण्याबाईंनी खरोखर विचार केला. कोण कुणाला पोचवायला गेलं होतं, तेवढं जरी सांगता आलं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"अजून नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बघते."

मोठ्या बाईंनी चष्म्याला हात लावला. मग तो तसाच ठेवला, नाकावर, आणि म्हणाल्या, "बसा. नीट सांगा बघू पहिल्यापासून."